तीनच्या बातम्यांतली दुरुस्ती

फोन वाजला तेव्हा मी संकलनाच्या खोलीत एका बाईच्या पाठीकडे बघत बसले होते. महिनाभर मी तेच करत होते. माहितीपटात तिचा चेहरा दिसायला नको, म्हणून सगळी मुलाखत पाठमोरी घेतलेली. आवाज मी यंत्रावर इतका घोगरा करून ठेवला होता की तिच्या सख्ख्या आईनंही ओळखला नसता. संध्याकाळी आमच्या वाहिनीवर माहितीपट दाखवायचा होता आणि सकाळपासून त्याची छोटीशी झलक दर तासाला चालू होती.

"नमस्कार," पलीकडून पुरुषाचा आवाज आला. इतका गोड, की मला वाटलं कुणी अभिनंदन करायला फोन केलाय. "झलक बघितली. आवाज छान बदललात हो माझ्या बायकोचा. तिला निरोप द्या, मी येतोय भेटायला. आजच. पोरीला पण बघायचंय."

आणि फोन बंद झाला.

काम करताना माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे माझ्या मागे उभ्या असलेल्या बातमीदार बाईंनीही हे सगळं ऐकलं. तिला आम्ही तोफ म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि तिला ते आवडतं. हा माहितीपट तिचाच. नवऱ्याच्या मारातून मुलांना घेऊन निसटलेल्या बायकांसाठी शहरात एक निवारा आहे, तिथल्या बायकांशी दीड वर्ष बोलून तिनं तो उभा केला होता. विषय एवढाच, की मुलाला नव्या शाळेत घालायचं तर बापाची सही लागते, आणि सही मागायला गेलं की बापाला पत्ता कळतो. म्हणून ही मुलं शाळेतच जात नाहीत. पाठमोऱ्या बाईची सात वर्षांची मुलगी त्यांपैकीच एक. हा नियम बदलावा म्हणून तोफेनं आकाशपाताळ एक केलं होतं.

निवाऱ्याचा पत्ता आमच्या अख्ख्या कार्यालयात तिला एकटीलाच ठाऊक. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरासुद्धा तिनंच धरला होता. माझ्याकडे फक्त तिथल्या मुख्य बाईंचा, म्हणजे सगळ्यांच्या मावशींचा, फोन नंबर होता.

"मी निघाले," तोफ म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, आधी मावशींना फोन..."

"तू कर फोन. त्या दोघींना तिथून हलवायला कुणीतरी नको का?"

तिनं आपला मोबाइल माझ्या टेबलावर आपटला. निवाऱ्यात जाताना मोबाइल कार्यालयात ठेवायचा, म्हणजे त्यावरून कुणी माग काढू शकत नाही, असा आमचा कडक नियम आहे. दुसरा नियम असा की कार्यालयाची गाडी न्यायची नाही, दोन बस बदलून जायचं. घाईत तिनं पहिला नियम पाळला आणि दुसरा मोडला. खिळ्यावरची किल्ली ओढून ती धडाधड जिना उतरली. खाली आमची गाडी सुरू झाली तीही मी ऐकली. दारांवर केंद्राचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेली, लांबूनसुद्धा वाचता येईल अशी गाडी.

मी मावशींना फोन लावला. मावशी शांत बाई आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, "थांबा हं," म्हणाल्या आणि फोन त्या पाठमोऱ्या बाईच्याच हातात दिला.

इतके दिवस मी तिच्या आवाजाची चिरफाड करत होते, पण माझ्याशी ती बोलत होती ती पहिल्यांदाच. खरा आवाज बारीक होता.

"ताई, तो काय म्हणाला? जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. मग मला राहवलं नाही. "माझं कुठे चुकलं ते कळत नाहीये हो. झलकेत तुमचं नाव नाही, चेहरा नाही, आवाज..."

"मी खुर्चीच्या कडेवर बसते," ती म्हणाली. "कधीही हाक येईल म्हणून. तो पाठीवरून ओळखणारच. त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण ताई, त्याला ठिकाण माहीत नाही."

"कशावरून?"

"ठिकाण माहीत असतं तर फोन केला नसता. तो सांगून येत नाही. आधी येतो, मग बोलतो. मागच्या दोन्ही वेळी मी दार उघडलं तर समोर उभा. माहेरी गेले तेव्हा आणि मैत्रिणीकडे गेले तेव्हा." मागे मुलीचा काहीतरी विचारण्याचा आवाज आला, तिनं तिला गप्प केलं. "फोन केलाय तो तुम्ही घाबरून इकडे धावावं म्हणून. तुमच्याकडून कुणी निघालंय का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईनं तिथे बसून जे ओळखलं ते आम्हाला दोघींना मिळून सुचलं नव्हतं. आणि आम्ही म्हणे शोधपत्रकार!

"बातमीदार ताई निघाल्यात," मी म्हटलं. "गाडीनं. मोबाइल इथेच ठेवून."

मी उठून खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता नेहमीसारखा भरलेला होता. तिचा नवरा घरोघरी पार्सलं पोचवणारी व्हॅन चालवायचा, हे मला मुलाखतीतून माहीत होतं. तशा पांढऱ्या व्हॅन आमच्या रस्त्यावरून दिवसभर जातात, कुठेही थांबतात, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्यातली एक आत्ता तोफेच्या मागे असेल, तर तिला पत्ताही लागणार नव्हता. ती गाडी चालवते तेव्हा आरशात बघत नाही, समोरच्याला शिव्या देते.

"मी पोरीला घेऊन बाहेर पडू का?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मला नको होता. हो म्हणावं आणि तो त्याच गल्लीत असावा? नाही म्हणावं आणि तोफेनं त्याला दारापर्यंत आणून सोडावं? पोलिसांना मावशींनी एव्हाना दुसऱ्या फोनवरून कळवलं होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेऊन विचारलं होतं, नेमका गुन्हा काय झालाय? न्यायालयानं त्याला या दोघींच्या आसपास फिरकायला बंदी केली होती, पण आमच्या कार्यालयात फोन करायला नाही.

"तिला पोचायला अजून निदान अर्धा तास लागेल," मी म्हटलं. "तुमच्याकडून परत आली की पुलावरच्या गर्दीला शिव्या देत असते. मला तीनच्या बातम्यांपर्यंत वेळ द्या."

"बरं," ती म्हणाली. "मी पोरीला बूट घालून ठेवते. ताई, त्यांना परत बोलवा. काहीही करा."

तोफ गाडीत बसली की पहिल्यांदा रेडिओ लावते. आमचंच केंद्र; वाहिनीच्या जोडीला आम्ही रेडिओही चालवतो. प्रेमानं नव्हे, आमच्या चुका काढायला. बातम्या संपल्या की परत येऊन उच्चारांपासून आकड्यांपर्यंत एकेकाची हजेरी घेते. तिच्या स्वतःच्या बातमीत मात्र आजपर्यंत एकदाही दुरुस्ती द्यावी लागलेली नाही, आणि ही गोष्ट ती आम्हाला विसरू देत नाही. माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं ते याच्यावरून.

आमचे निवेदक गुरुजी काचेच्या खोलीत तीनच्या बातम्यांचे कागद लावत बसले होते. पूर्वी ते शाळेत शिकवायचे, म्हणून गुरुजी. मी एका दमात सगळं सांगितलं.

"मग बातम्यांत सांगू या का, बातमीदार बाईंनी ताबडतोब परत यावं?"

"आणि तो? त्याच्या व्हॅनमध्ये काय रेडिओ नाही? झलक बघितल्यापासून तो आपलंच केंद्र ऐकत बसला असेल. त्याला कळता कामा नये. तिला एकटीला कळलं पाहिजे." मी कागद पुढे केला. "हे वाचा."

सकाळच्या बातम्यांत तोफेची एक छोटी बातमी होती. सार्वजनिक वाचनालयावरचं बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू झालं, आणि ज्यांनी ते बसवलं होतं त्यांच्याच नातवानं ते दुरुस्त केलं. या बातमीसाठी ती स्वतः त्या मनोऱ्यावर चढली होती. मी लिहिलं होतं: 'घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ मूळ घड्याळजींचे नातू नसून जावई आहेत. आमच्या बातमीदारांच्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

गुरुजींनी चष्मा वर केला. "जावई आहेत?"

"नाहीत. नातूच आहेत."

"मग हे खोटं आहे."

"धडधडीत खोटं आहे! म्हणूनच तर तिचं पित्त खवळेल. ती गाडी तिथल्या तिथे फिरवेल आणि मला फाडून खायला इथे येईल. गुरुजी, मी तिला ओळखते."

"या खुर्चीवरून मी खोटं वाचत नाही," ते शांतपणे म्हणाले. "लोक ऐकतात ते त्याच भरवशावर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "एका पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही मला भरवसा शिकवताय? तो माणूस त्या बाईच्या दारात उभा राहिला ना, तर उद्या त्याची बातमी तुम्हालाच वाचायचीय. अगदी खरी बातमी. ती वाचा मग, भरवशानं!"

ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे मला आणखी राग आला. ते कागदाकडे बघत राहिले. "त्या घड्याळवाल्याचा आजोबा तू काढून घेतेयस, बाई. तो काय म्हणेल?"

"उद्या परत देऊ."

"उद्या सकाळी मी वाचेन की कालची दुरुस्ती चुकीची होती."

"वाचा. हजारदा वाचा."

ते काही बोलणार तेवढ्यात लाल दिवा लागला. मला खोलीतून बाहेर व्हावं लागलं. त्यांनी माझा कागद बाकीच्या कागदांखाली सरकवला. वाचणार की नाही, देव जाणे.

काचेबाहेर उभं राहून मी तीनच्या बातम्या ऐकल्या. आयुष्यात इतक्या लांबलेल्या बातम्या मी ऐकल्या नाहीत. पाणीपुरवठा आला, परिषदेची बैठक आली, कुठल्यातरी शर्यतीचा निकाल आला. गुरुजी एकेक शब्द तोलून वाचत होते आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते. हवामान आलं. हवामान आलं म्हणजे बातम्या संपल्या. त्यांनी कागद एकत्र केले, टेबलावर ठोकून सरळ केले, आणि माझ्याकडे न बघता खालचा कागद वर घेतला.

"एक दुरुस्ती," गुरुजी म्हणाले.

त्यांनी ती नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या संथपणे वाचली. शेवटी 'दिलगीर आहोत' म्हणताना मात्र त्यांचा आवाज किंचित हलला. लाल दिवा विझल्यावर ते बाहेर आले आणि म्हणाले, "वाचलं. आता ती रेडिओ ऐकत असू दे म्हणजे झालं."

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. मी खिडकीत उभी होते, कानाला मावशींचा फोन. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, पण फोन बंदही करत नव्हतं. मधूनच ती विचारायची, "आल्या का?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही." तोफेनं आज नेमका रेडिओ लावला नसेल तर? काळजीत माणूस रेडिओ लावतो का? हा विचार मी बातम्यांआधी करायला हवा होता, आणि तो आत्ता येऊन माझ्या मानगुटीवर बसला होता. पलीकडे मुलीनं बूट काढू का म्हणून विचारलं. आई म्हणाली, थांब जरा.

मग कोपऱ्यावरून हॉर्न ऐकू आला. लागोपाठ, न थांबता, समोरच्या सगळ्यांना शिव्या दिल्यासारखा. आमची गाडी होती. फाटकात अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ती उभी राहिली आणि दार उघडंच टाकून तोफ आत धावली.

"आली!" मी फोनमध्ये ओरडले. "परत आली! घरातच थांबा, दार उघडू नका!" आणि मी जिन्याकडे पळाले.

"जावई?" खालच्या दालनात पोचायच्या आत तोफेचा आवाज वर आला. "कुठल्या गाढवानं लिहिलं जावई? मी त्या माणसाच्या आजोबांचा फोटो बघून आलेय! मी एका बाईला वाचवायला निघालेय आणि तुम्ही इथे माझ्या बातमीचे..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला. "त्याला ठिकाण दाखवून देणार होतीस तू," मी तिच्या कानात म्हटलं. "तो तुझ्या मागे होता. फोन त्यासाठीच केला होता त्यानं. दुरुस्ती खोटी आहे. तुला परत आणायचं होतं."

तिला समजायला क्षणभर लागला. मग तिनं भिंतीचा आधार घेतला. तोफेला गप्प झालेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छाही नाही.

तेवढ्यात तो आत आला.

हातात एक पार्सल, अंगात पार्सलवाल्यांचा सदरा, चेहऱ्यावर हसू. दारावर त्याला कुणी अडवलं नाही. पार्सलवाल्याला कोण अडवतं? मुलाखतीत ऐकून ऐकून मी मनाशी एक राक्षस उभा केला होता. हा तर कुणाच्याही शेजारी राहील असा नीटनेटका माणूस होता. मी दोन पावलं मागे सरले ती त्यामुळेच.

"काय मॅडम," तो तोफेला म्हणाला, "एवढ्या घाईनं निघालात माझ्या बायकोकडे, आणि पुलावरून परत का फिरलात? मी आपला मागे मागे येतोय."

फोनवरचाच आवाज. तितकाच गोड.

आमच्या दालनात दाराच्या वर एक कॅमेरा आहे. चित्रही घेतो, आवाजही. त्याचा लाल ठिपका मला दिसत होता, त्याला दिसत नव्हता. आणि त्या क्षणी माझी सगळी भीती जाऊन तिची जागा रागानं घेतली.

"वाक्य छान आहे," मी म्हटलं. "पण तोंड त्या बाजूला होतं. एकदा वर कॅमेऱ्याकडे बघून म्हणा. न्यायाधीशांना नीट ऐकू यायला हवं."

त्यानं वर पाहिलं. हसू गेलं नाही, नुसतं चेहऱ्यावर अडकून राहिलं. पार्सल त्यानं टेबलावर ठेवलं, परत उचललं, आणि निघून गेला. पार्सलात काही होतं की नव्हतं ते आम्हाला कधी कळलं नाही. ते चित्रीकरण त्याच संध्याकाळी तिच्या वकिलांकडे पोचलं, आणि आठवडाभरात त्याला न्यायालयात उभं राहून 'मागे मागे येतोय' या शब्दांचा अर्थ सांगावा लागला. तो काही त्याला सांगता आला नाही. पोलिसांनी यावेळी गुन्हा कोणता ते विचारलं नाही.

माहितीपट दाखवायचा की नाही हे आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली, "त्याला कळायचं ते कळलंच आहे. आता बाकीच्यांना कळू दे." आम्ही ठरल्या वेळी दाखवला.

त्या संध्याकाळी सर्वांत जास्त फोन आले ते मात्र घड्याळवाल्याचे. त्या गृहस्थांचं लग्नच झालेलं नव्हतं. "मी जावई कुणाचा?" ते ओरडत होते. "माझ्या आजोबांनी मला मांडीवर बसवून चक्रं दाखवली, आणि तुम्ही सगळ्या शहरासमोर मला परका केलात?" ते बरोबर होते. खरं कारण त्यांना सांगता येत नव्हतं. ही युक्ती कुठेही फुटून चालणार नव्हती, उद्या पुन्हा लागली तर?

तोफेनं फोन घेतला. बाजूला उभं राहून मी वाट बघत होते, आता हिचा भडका उडणार. ती म्हणाली, "चुकलं माझं. घाईत केलं. मला क्षमा करा." त्यांनी तिला बराच वेळ सुनावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "हो, चुकलं माझं."

सकाळी गुरुजींनी शब्द दिल्याप्रमाणे दुरुस्तीची दुरुस्ती वाचली. ज्या बातमीत एक अक्षर चुकीचं नव्हतं, तिच्याबद्दल आम्ही दोनदा दिलगीर झालो. दुसऱ्या केंद्रातल्या लोकांनी तोफेला फोन करून चिडवलंही. एकानं विचारलं, अजून काही नाती उरलीत का बदलायची? ती फक्त हसली.

दुपारी मावशींचा फोन आला. तो मी तोफेच्या हातात दिला, पण माझ्या सवयीनं तो स्पीकरवरच होता.

"ताई, मी रेडिओ ऐकला," पाठमोऱ्या बाईचा बारीक आवाज. "काल पण, आज पण. मावशींनी सगळं सांगितलं. त्या घड्याळवाल्यांची तुम्ही माफी मागितली म्हणे."

"मागितली. त्यात काय मोठं."

"तुमचं काही चुकलेलं नसताना."

"अहो, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. माझं काही बिघडलं नाही."



"आमच्या घरी भांडं फुटलं, वीज गेली, पोर आजारी पडली, काहीही झालं तरी 'चुकलं माझं' मीच म्हणायचे," ती म्हणाली. "न चुकता म्हणायचे. माझ्यासाठी ते दुसऱ्या कुणी म्हटलेलं काल पहिल्यांदा ऐकलं."

मी स्पीकर बंद केला, फोन तोफेच्या कानाशी धरला आणि खोलीबाहेर येऊन दार लावून घेतलं.